ज्युव्हेनाइल आर्थ्रायटिसची फॅमिली कॉन्फरन्स: टीनएजर भावंडांसाठी दिवसभर काय ठेवायचं, सगळं सविस्तर

अशा कुठल्याही कॉन्फरन्सचं टाइमटेबल काढून बघा. आईबाबांसाठी डॉक्टरांची लेक्चर्स, पेशंट मुलांसाठी फिजिओथेरपी आणि डोळ्यांची तपासणी, छोट्या भावंडांसाठी रंगकाम आणि फुगे. आणि ती चौदा-पंधरा-सोळा वर्षांची ताई किंवा दादा? ते मागच्या रांगेत हेडफोन लावून बसलेले, नाहीतर कोणीतरी हक्काने पकडून रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसवलेले, "तू मोठी आहेस ना, जरा बॅज वाटायला मदत कर बाळा".

माझा धाकटा भाऊ जेआयएवाला, म्हणजे ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, लहान मुलांना होणारा संधिवात, त्यामुळे ती मागची रांग मला चांगली माहितीये. आता मुंबईत पालकांच्या ग्रुपचे असे मेळावे असले की भावंडांची खोली मी आणि अजून दोघंतिघं सांभाळतो. नवीन शहरातले पालक सारखे विचारतात की तुम्ही नेमकं करता काय, म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवतेय. एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे: या मुलांना पेशंटची काळजी कशी घ्यायची हे शिकवायला जाऊ नका, ते घरी रोज करतात ते. तो एक दिवस त्यांचा स्वतःचा असू द्या.

आधी तारीख आणि फॉर्म

१८ मार्चला जगभर लहान मुलांच्या संधिवाताचा जागृती दिवस असतो, म्हणून सगळ्यांना मार्चच सुचतो. पण आपल्याकडे मार्चमध्ये दहावीची बोर्डाची परीक्षा, बारावीची पण त्याच सुमारास, आणि बाकीच्यांच्या वार्षिक परीक्षा तोंडावर. म्हणजे टीनएजर भावंडं येणारच नाहीत, आली तरी पुस्तक घेऊन बसतील. १२ ऑक्टोबर हा जागतिक आर्थ्रायटिस दिवस, तेव्हा सहामाही नाहीतर दिवाळीची धावपळ. माझं मत विचाराल तर दिवाळीची सुट्टी संपल्यावर नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला ठेवा, हवा पण बरी असते, सकाळच्या गारठ्यात ज्या मुलांचे सांधे जास्त आखडतात त्यांना मुंबईची थंडी काही फार छळत नाही. रविवार असेल तर रेल्वेचा मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते आधी बघा आणि ग्रुपवर टाका, कारण कल्याण-पनवेलहून येणारी माणसं त्यात अडकली की अकराचा कार्यक्रम बाराला सुरू होतो.

फॉर्ममध्ये बहुतेक ठिकाणी एकच ओळ असते, "सोबत येणारी इतर मुले: ___". तसं नको. भावंडाचा वेगळा फॉर्म करा आणि तो त्यानेच भरायचा, खाली पालकांची सही. त्यात नाव, वय, इयत्ता, खाण्याचं काय चालतं, कुठली भाषा सोयीची, आणि तीन प्रश्न नक्की ठेवा. घरच्या आजाराबद्दल तुला कितपत माहिती आहे? कुठली गोष्ट करायला अजिबात आवडणार नाही? आणि यायचंय का तुला, की आई म्हणाली म्हणून? तिसऱ्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं बरं का. "आई म्हणाली म्हणून" लिहिणाऱ्यांना मी आदल्या आठवड्यात पालकांना विचारून एक फोन करते, काय असतं ते सांगते, मग यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

ही मुलं वेगवेगळ्या परिस्थितीतून येतात हेही लक्षात ठेवा. ट्रीटमेंटसाठी नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरीहून मुंबईला येणारी घरं खूप आहेत. त्यात आईबाबा धाकट्याला घेऊन परळला नातेवाईकांकडे आणि मोठी मुलगी गावी आजीकडे, असं महिनोन्महिने चाललेलं असतं. तिच्यासाठी ही कॉन्फरन्स म्हणजे कदाचित सगळे एकत्र असण्याचा बऱ्याच दिवसांनी आलेला वीकेंड. तिला दिवसभर खोलीत अडकवू नका, जेवायला तरी आईसोबत सोडा.

खोली आणि माणसं

खोली पालकांच्या हॉलच्या अगदी शेजारी नको. भिंतीपलीकडे आई आहे म्हटल्यावर कोण मोकळं बोलणार? त्याच मजल्यावर पण दुसऱ्या टोकाला बरी. खुर्च्या रांगेत लावायच्या नाहीत, माइक नको, स्टेज तर नकोच. गाद्या किंवा सतरंज्या, दोन कॅरम बोर्ड, उनोचे दोन-तीन सेट, एका कोपऱ्यात शांत बसायची जागा, आणि एक्स्टेन्शन बोर्ड. हसू नका, जिथे चार्जिंग तिथे टीनएजर, हे सिद्ध झालेलं आहे.

वयाची मर्यादा १२ ते १८. वीसेकच्या वर मुलं असतील तर १२-१४ आणि १५-१८ असे दोन गट पाडा, सातवीतल्या मुलासमोर अकरावीतली मुलगी तोंड उघडत नाही. साधारण आठ मुलांमागे एक मोठं माणूस धरा, पण खोलीत कायम किमान दोघं हवेत, कोणी मोठं एका मुलाबरोबर दार लावून एकटं बसणार नाही हा नियम सगळ्यांना आधी सांगायचा. त्यातला निदान एक जण वीस-पंचविशीतला, स्वतः अशाच घरात वाढलेला असावा. मुलं त्याला ताई किंवा दादाच म्हणणार, सर-मॅडम झालं की शाळा सुरू. आणि एक काउन्सेलर पाहिजेच. तिने भाषण करायचं नाही, नुसतं कॅरम खेळत बसायचं, ज्याला बोलायचंय तो आपोआप तिथे सरकतो.

सुरुवातीलाच दोन वाक्यांत नियम सांगून टाका. इथे बोललेलं बाहेर सांगायचं नाही, फोटो-रील काढायचे नाहीत, आम्हीही काढणार नाही. अपवाद एकच, कोणी स्वतःला इजा करायचं बोललं किंवा कोणी त्याला त्रास देतंय असं कळलं तर आम्ही गप्प बसणार नाही, पण काय करतोय ते आधी तुलाच सांगू. दारामागे एका कागदावर दोन नंबर चिकटवून ठेवा, चाइल्डलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. त्यावर लेक्चर नको, चिकटवलं की झालं.

सकाळी: ओळखपरेड न करता ओळख

"नाव सांगा, शाळा सांगा, तुमच्या भावाला काय झालंय ते सांगा" याने सुरुवात केली की दिवस गेला. आम्ही कोपऱ्यांचा खेळ घेतो. खोलीच्या चार कोपऱ्यांना चार उत्तरं, प्रश्न विचारला की पळत आपल्या कोपऱ्यात. पहिले प्रश्न फालतूच हवेत: ट्रेनमध्ये दारात, खिडकीत, मधे की "मी बसनेच जातो"? वडापावबरोबर काय, हिरवी चटणी, सुकी चटणी, मिरची की तिन्ही? मग हळूच घरात शिरायचं: घरात वायफायचा पासवर्ड कोण बदलतं? फ्रिजमधला शेवटचा पेढा कोणाला मिळतो? आणि पाच-सहा प्रश्नांनंतर: "तुला बरं नसेल तेव्हा घरी कोणाला पहिलं कळतं?" कोपरे: आई, बाबा, आजी-आजोबा, कोणालाच नाही. त्या चौथ्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिलेले दोघंतिघं एकमेकांकडे बघतात ना, तिथे अर्धी ओळख झालेली असते. त्यावर चर्चा करू नका! लगेच पुढचा प्रश्न, तोही फालतू.

जड हातांचा खेळ

यासाठी सामान: भांडी घासायचे रबरी हातमोजे, आइस्क्रीमच्या काड्या, मायक्रोपोर टेप, क्रेप बँडेज, झाकण घट्ट लावलेल्या पाण्याच्या बाटल्या, लेसवाले बूट, एक स्टीलचा डबा आणि वही-पेन. अंगठा सोडून दोन बोटांना काडी लावून टेपने बांधायची, वर हातमोजा, एका गुडघ्याला क्रेप बँडेज जरा घट्ट, पण पायाला मुंग्या येतील इतकं नाही. मग घड्याळ लावून कामं: बाटली उघडा, बुटाची लेस बांधा, डबा उघडा, चार ओळी शुद्ध अक्षरात लिहा, जिना चढून या. जोडीने करायचं, एक जण बांधलेला आणि दुसरा नुसता बघणारा, त्याने मदत करायची नाही. गंमत म्हणजे बघणाऱ्यालाच जास्त त्रास होतो, हात पुढे येतोच, कारण घरी सवय लागलेली असते भावाचं पण दप्तर आपल्याच खांद्यावर घ्यायची.

दहा मिनिटांच्या वर ताणू नका. नंतर स्पष्ट सांगा की हा दुखण्याचा अनुभव नाहीये, फक्त आखडण्याचा आहे, आणि तोही अर्धवट. मग तो विषय काढा जो सगळ्यांच्या मनात असतो पण कोणी बोलत नाही: "सकाळी शाळेच्या वेळेला पाय टेकवत नाही आणि संध्याकाळी खाली क्रिकेट खेळतो, मग नाटक करतो का तो?" नाही करत. या आजारात रात्रभर किंवा बराच वेळ एका जागी राहिलं की सांधे धरतात, हालचाल सुरू झाली की हळूहळू सुटतात, आणि काही दिवस बरे, काही दिवस वाईट असतात. हे डॉक्टरने स्लाइडवर सांगितलेलं मुलांच्या डोक्यावरून जातं, पण बोटाला काडी बांधलेली असताना सांगितलं तर पोचतं. ज्याला हा खेळ करायचा नाही त्याला घड्याळ धरायला द्या, जबरदस्ती नको.

चिठ्ठ्यांचा डबा आणि डॉक्टर

एक बुटाचा खोका, त्याला वर फट, सकाळपासून ठेवलेला. नाव न लिहिता प्रश्न टाकायचे. दुपारी जेवणाआधी एक ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे डॉक्टर, येतात, पांढरा कोट नाही, पीपीटी नाही, सतरंजीवर बसून चाळीसेक मिनिटं चिठ्ठ्या काढून उत्तरं देतात. डॉक्टरांना आधी एकच विनंती करायची, "अजून लहान आहेस तू" हे वाक्य वापरू नका.

साधारण कुठल्या चिठ्ठ्या येतात ते सांगते, म्हणजे तयारी करता येईल.

"मला पण होईल का?" ही दरवेळी असतेच. हा आजार शिंकण्या-खोकण्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. सख्ख्या भावंडांना शक्यता इतरांपेक्षा जास्त असते हे खरं, पण एका घरात दोघांना होणं तरीही क्वचितच दिसतं. हे सरळ सांगा, "काही होत नाही गं" म्हणून उडवू नका, कारण कुठला सांधा आठवडाभर सुजलेला किंवा सकाळी आखडलेला राहिला तर घरी सांगायचं, हेही त्यांना कळायला हवं.

"माझ्यामुळे झालं का? मी त्याला पाडलं होतं." अशी चिठ्ठी आली की खोली शांत होते. पडल्याने जेआयए होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटते, ती नक्की का उलटते याचं पूर्ण कारण सापडलेलं नाही, नावातलं इडिओपॅथिक त्यासाठीच आहे. डॉक्टरांनी हे उत्तर सगळ्यांकडे बघत द्यावं, चिठ्ठी कोणाची ते शोधत बसू नये.

"गुडघा सुजलाय तर सारखे डोळे का तपासतात?" कारण काही मुलांना डोळ्याच्या आत सूज येते, युव्हायटिस म्हणतात तिला, आणि बऱ्याचदा डोळा लालही होत नाही, दुखतही नाही, स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या त्या खास दुर्बिणीखाली, बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून डोळ्यांची अपॉइंटमेंट चुकवत नाहीत, तुझा वाढदिवस असला तरी.

"आमचा प्रत्येक रविवार खराब का जातो?" हे फक्त भावंडंच विचारू शकतात. मेथोट्रेक्सेट हे या आजाराचं नेहमीचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, शाळा बुडू नये म्हणून बरीच घरं शनिवारी रात्री देतात, आणि काही मुलांना दुसऱ्या दिवशी मळमळतं. मग रविवारचा पिक्चर कॅन्सल, हॉटेल कॅन्सल, घरात फोडणीचा वाससुद्धा चालत नाही. वार बदलता येईल का हे आईबाबा डॉक्टरांना विचारू शकतात, हे ऐकून एका मुलीचा चेहरा असा काही उजळला होता!

बाकी मग फ्रिजमधली इंजेक्शनं कशाला (ती बायोलॉजिक्स, म्हणजे उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवरणारी औषधं, २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात, डीप फ्रीझरमध्ये चालत नाहीत), स्टेरॉइडने चेहरा का सुजतो आणि तो परत उतरतो का, बहीण कधी पूर्ण बरी होईल का. शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर असं की बऱ्याच मुलांचा आजार औषधांनी शांत होतो, काहींना मोठेपणीही उपचार चालू ठेवावे लागतात, आणि कोणाचं काय होईल हे आज सांगता येत नाही. मुलं हे पेलतात, मोठ्यांना वाटतं त्यापेक्षा बरंच.

नातेवाईक नाटक

जेवणानंतर सगळ्यांना झोप येते म्हणून हे तेव्हा. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला सगळ्यात आवडणारं हेच. तीन-चार जणांचे गट, प्रत्येक गटाला एक कॅरेक्टर: लग्नात भेटलेली लांबची आत्या, सोसायटीतले सगळं माहीत असलेले काका, पीटीचे सर, आणि वर्गातला तो एक जण. आधी मुलांनीच आठवून खरे डायलॉग लिहायचे. काय काय निघतं बघा. "इतक्या लहान वयात संधिवात? काहीतरीच, संधिवात म्हाताऱ्यांना होतो." "आमच्या गावाला एक वैद्य आहेत, तीन पुड्यांत बरं करतात." "दूध पीत नसेल पोरगी." "तुझा भाऊ लंगडतो का रे?" आणि सगळ्यांचा लाडका, "तू मात्र अगदी ठणठणीत हो, तू आईला त्रास देऊ नकोस हं."

पहिल्या फेरीत गटाने सीन जसाच्या तसा करायचा. आत्याचा पदर, पर्स, आवाज, सगळं. हसून हसून पुरेवाट होते, होऊ द्या. दुसऱ्या फेरीत बघणाऱ्यांपैकी कोणीही टाळी वाजवून सीन थांबवायचा, भावंडाच्या जागी स्वतः जायचं आणि वेगळं उत्तर द्यायचं. उद्धट, विनोदी, शांत, सगळी चालतात, मग कुठलं खरंच वापरता येईल ते मुलंच ठरवतात. तीन प्रकारची उत्तरं शेवटी प्रत्येकाकडे असावीत: एक छोटं माहितीचं, "लहान मुलांना होणारा वेगळा आर्थ्रायटिस असतो आत्या, डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे". एक दार बंद करणारं, "त्याच्याबद्दल त्यालाच विचारा ना". आणि एक विषय बदलणारं, ते प्रत्येकाचं आपापलं. आपल्याकडे मोठ्यांना उलट बोलू नये म्हणतात, म्हणून मुलं वर्षानुवर्षं गप्प उभी राहतात, त्यांना हे तयार वाक्य मिळालं की ताठलेले खांदे सैल होतात.

पीटीच्या सरांचा सीन जरा सांभाळून. शाळेत खरंच चिडवलं जातंय असं दिसलं तर नाटक थांबवून काउन्सेलरने नंतर वेगळं बोलावं.

न पाठवलेला मेसेज

हे शांत काम, वीस मिनिटं. प्रत्येकाला एक कार्ड, त्यावर व्हॉट्सॲपसारखा चौकोन, आणि सांगायचं की आई, बाबा, भाऊ, बहीण, कोणालाही एक मेसेज लिहा जो तुम्ही कधीच पाठवणार नाही. शुद्धलेखन नाही, शिव्या चालतील. वाचून दाखवायचं नाही. झाल्यावर फाडा, खिशात ठेवा किंवा पेटीत टाका. पेटीतल्या कार्डांतून, ज्यांनी वर "पालकांना वाचून दाखवलं तरी चालेल" अशी टिक केलीये फक्त त्यांची, मोठे मिळून पाच-सात वाक्यं काढतात, नाव-गाव-ओळख पटेल असं काहीही पुसून, लिहिणाऱ्याला परत एकदा दाखवून, आणि समारोपाला पालकांसमोर ती वाचतात. "रिपोर्ट नॉर्मल आले की मला पण सांगा, मी पण वाट बघत असते." "मला समजूतदार म्हणू नका, मला जमत नाही रोज." "आठवड्यातून एक तास फक्त माझ्याशी, आणि त्या तासात त्याचा विषय नको." या छापाची असतात. हॉलमध्ये प्रत्येक आईला वाटतं हे आपल्याच मुलीने लिहिलंय, आणि ते वाटू द्यावं. मुलं त्या वेळी हॉलमध्ये नसलेली बरी.

बाहेर पडा

चारनंतर खोलीत कोणीच टिकत नाही. हॉल दादर-माटुंग्याकडे असेल तर फोटो-हंट एकदम सोपी: चौघांचा गट, एक फोन, एक मोठं माणूस बरोबर, आणि तासाभरात दहा गोष्टींचे फोटो. माटुंग्याच्या फुलांच्या गल्लीतला सगळ्यात मोठा हार, फिल्टर कॉफीचा फेस, पाच गार्डनमधलं झोपलेलं मांजर, चुकीचं मराठी लिहिलेली पाटी. माणसांचे चेहरे नकोत, रस्ता क्रॉस करताना फोन खाली. लिस्टमध्ये आजाराचा एक शब्दही नसावा. वेळ आणि बस असेल तर वरळीचं नेहरू सायन्स सेंटर किंवा भायखळ्याची राणीबाग, पेंग्विन अकरावीतल्या मुलांना पण आवडतात, फक्त रविवारी गर्दी मरणाची आणि बुधवारी राणीबाग बंद. बाहेर नेणार असाल तर पालकांची लेखी परवानगी, निघताना आणि परतताना डोकी मोजणं, हे आलंच.

पेशंट भावंडांना बरोबर घ्यायचं का, यावर आमच्यात दरवेळी वाद होतो. मी म्हणते दिवसभर वेगळे ठेवा आणि परत आल्यावर शेवटचा अर्धा तास सगळ्यांचं मिक्स कॅरम, जोड्या चिठ्ठ्या टाकून, सख्खी भावंडं एका टीममध्ये नकोत. बोट दुखत असेल त्याने स्ट्रायकर तळहाताने ढकलला तरी चालतो, नियम आपलेच आहेत.

हे मात्र नको

बेस्ट ब्रदर-बेस्ट सिस्टर अवॉर्ड नको. मोटिवेशनल स्पीकर नको. मेणबत्त्या लावून गोल करून रडवणं तर अजिबात नको, रडू आलं तर येऊ दे, पण त्याचा कार्यक्रम करू नका. आणि खुर्च्या उचलायला, पाणी वाटायला यांना बोलावू नका, स्वतःहून आले तर गोष्ट वेगळी.

नंतर

व्हॉट्सॲप ग्रुप करायचा असेल तर पालकांना विचारून, दोन मोठे ॲडमिन, रात्री दहानंतर मेसेज नाहीत, आणि ज्याला नको त्याला जबरदस्ती नाही. आठवड्याभराने प्रत्येकाला एक छोटा फोन, "कसा आहेस" एवढंच, भावाची चौकशी नंतर, त्याने काढली तर. फीडबॅक फॉर्ममध्ये रेटिंग वगैरे ठेवू नका, मुलं सगळ्यावर पाच देऊन मोकळी होतात. दोनच प्रश्न ठेवा: पुढच्या वेळी काय काढून टाकू, आणि तू दादा किंवा ताई म्हणून यायला तयार आहेस का. दुसऱ्याला हो म्हणणारे अठरा पूर्ण झाले की त्यांना पुढच्या मीटिंगलाच बोलवा, कोपऱ्यांच्या खेळाचे प्रश्न त्यांच्याकडूनच काढून घ्या, आपले वडापावचे जोक त्यांना तोपर्यंत पाठ झालेले असतात.